दारू सुटली, सुटलेल्या पोटाचं काय?

श्रावण संपत आला की दारू सोडलेल्यांच्या आमच्या गटात एक प्रश्न हमखास येतो. “महिना झाला, थेंब घेतला नाही. पोट मात्र तसूभर हललं नाही.” कोणी श्रावण पाळायचा म्हणून सोडलेली असते, कोणी आळंदीला माळ घालून आलेला असतो, कोणी व्यसनमुक्ती केंद्रात महिना काढून. त्यात एखादा मित्र म्हणतो, “सोडलीस म्हणतोस, मग ही ढेरी कशी?” आणि महिनाभराच्या कष्टांवर पाणी पडतं. त्या एका वाक्यानं खचून पुन्हा बाटलीकडे गेलेली माणसं मी पाहिली आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

मला दारू सोडून बारा वर्षं झाली. सोडल्यावर पहिल्या तीन-चार महिन्यांत माझी कंबर उतरायच्या ऐवजी दोन बोटं वाढली होती, आणि त्याचं कारण मला कोणी नीट सांगितलं नव्हतं. पुढे वर्षभरात ती उतरली. वाचून, डॉक्टरांना विचारून आणि गटातल्या माणसांकडे बघून जे समजलं, ते इथं मांडतो.

आधी एक गोष्ट, कारण तिच्यात जीव जाऊ शकतो. जो माणूस रोज पितो, सकाळी हात थरथरतात म्हणून घोटभर घेतो, त्यानं कोणालाही न विचारता एका दिवसात दारू बंद करू नये. शेवटच्या घोटानंतर 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास, बडबड, घाम, ताप असा वात होतो आणि उपचार वेळेवर झाले नाहीत तर तो जिवावर बेततो. हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं घेऊन काढायचे असतात. कुठं जायचं कळत नसेल तर 14446 हा सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे, पुण्यात डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी 1986 साली सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. पोटाचा विचार हा टप्पा पार पडल्यावर.

हे पोट कसलं आहे?

चालायला, डाएट करायला लागण्याआधी हा प्रश्न विचारा. वर्षानुवर्षं पिणाऱ्याचं पोट दरवेळी चरबीचंच असतं असं नाही. हातपाय काटक्यांसारखे बारीक, पोट मात्र काही आठवड्यांत टम्म, बेंबी बाहेर आलेली, पावलांवर सूज, डोळे पिवळे, असं असेल तर ते पोटात पाणी झाल्याचं लक्षण असू शकतं. आपल्याकडे त्याला जलोदर म्हणतात. लिव्हर आतून कडक झाल्यावर ते होतं, आणि त्याच्यावर पोटाचे व्यायाम किंवा उपास हा उपाय नाही. उलट उपाशी राहिल्यानं अशा माणसाचं नुकसानच होतं. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी झाली तर त्याच घटकेला रुग्णालय गाठायचं. बाकीच्यांनीही दारू सोडल्यावर एकदा लिव्हरची रक्ततपासणी, पोटाची सोनोग्राफी, साखर आणि रक्तदाब बघून घ्यावा. दारू बंद झाल्यावर बीपी आणि साखर बदलतात, त्यामुळे आधीपासून चालू असलेल्या गोळ्यांचा डोस डॉक्टरांना पुन्हा ठरवावा लागू शकतो. डॉक्टरांपासून दारूचा इतिहास लपवू नका. लाज वाटते, मला माहीत आहे. पण ती माहिती नसेल तर डॉक्टर अंधारात तीर मारतात.

पोटात पाणी नाही, चरबीच आहे, असं कळलं की पुढचं सगळं बरंचसं आपल्या हातात येतं. नुसती चरबी साठलेलं लिव्हर, म्हणजे फॅटी लिव्हर, दारू पूर्ण थांबवल्यावर काही आठवड्यांत सुधारायला लागतं. वजनही जास्त असेल तर ते पाच ते दहा टक्क्यांनी उतरवल्यावर लिव्हरवरची चरबी आणखी कमी होते. नव्वद किलोच्या माणसानं सहा-सात किलो उतरवले तरी आत मोठा फरक पडतो. बाहेरून तो दिसायला वेळ लागतो, एवढंच.

आपल्या पोटाची एक गंमत पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी जगाला दाखवली. त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. आपण भारतीय माणसं वजनकाट्यावर सडपातळ असतो आणि आत, आतड्यांभोवती चरबी बाळगून असतो. म्हणून “माझं वजन तर बरोबर आहे” यावर विसंबू नका. टेप घ्या. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता मोजा. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या वर आणि बाईची 80 च्या वर गेली, तर आतल्या चरबीकडे लक्ष द्यायची वेळ झाली आहे.

क्वार्टरचा हिशेब

एका ग्रॅम अल्कोहोलमध्ये 7 कॅलरी असतात. साखरेत 4, तुपात 9. बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेली व्हिस्की, रम किंवा देशी घेतली तर साठ मिलीच्या पेगमध्ये साधारण 140 कॅलरी होतात आणि 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये 425 च्या आसपास. म्हणजे ज्वारीच्या अडीच भाकऱ्या. भाकरीत निदान तंतू असतात, थोडी प्रथिनं असतात, पोट भरतं. क्वार्टरमध्ये यातलं काहीच नाही. 650 मिलीची स्ट्राँग बिअरही साडेतीनशेच्या पुढेच जाते.

पण पोट सुटायला नुसती क्वार्टर कारण नसते. दारू शरीराला साठवून ठेवता येत नाही, म्हणून लिव्हर बाकी सगळी कामं बाजूला ठेवून आधी ती जाळतं. तेवढा वेळ चरबी जाळायचं काम रेंगाळतं. आणि नेमका त्याच वेळी समोर चखणा असतो. शंभर ग्रॅम शेव-फरसाण म्हणजे साडेपाचशे कॅलरी, तळलेले बोंबील किंवा चिकन लॉलीपॉप वेगळं, आणि रात्री अकराला बिर्याणी. हे सगळं जाळायला त्या रात्री शरीराला सवड नसते. ते पोटाभोवती जमा होतं.

मग दारू थांबल्यावर पोट आपोआप का उतरत नाही? हिशेब तर सोपा वाटतो. रोजचे 425 वाचले, महिन्याला पावणेतेरा हजार; एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी, म्हणजे दीड किलो उतरायला हवं. कागदावर उतरतं. प्रत्यक्षात तीन गोष्टी होतात. जठराची आग थांबते, तोंडाला चव येते, भूक परत येते. ही आनंदाची गोष्ट आहे. दुसरं, गोडाची ओढ लागते. तिसरं, हात रिकामे होतात, आणि रिकामे हात चहाच्या कपाकडे जातात.

माझं तेच झालं होतं. दिवसाला आठ चहा. प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे 40 कॅलरी. आठ कपांचे 320, दूध वेगळं. शिवाय रात्री जेवणानंतर दोन पेढे. मी क्वार्टर सोडली होती आणि तेवढीच क्वार्टर कपातून पीत होतो. हे मोजायला मला चार महिने लागले. तुम्ही आजच मोजा.

पहिले तीन महिने: उपाशी राहू नका

हे वाक्य मी अगदी जीव तोडून सांगतो, कारण इथंच सगळ्यात जास्त माणसं घसरतात. दारू सोडलीच आहे तर आता सगळंच सुधारून टाकू, अशा उत्साहात माणूस रात्रीचं जेवण बंद करतो, दिवसातून एकदाच खातो, सोमवार-गुरुवार-एकादशी धरतो. संध्याकाळी सहाला पोटात कावळे ओरडतात. आणि नव्यानं दारू सोडलेल्या माणसाला भूक आणि तलफ यांतला फरक कळत नाही. दोन्ही एकाच ठिकाणी, पोटाच्या खड्ड्यात जाणवतात. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना जाणाऱ्यांना चार धोके तोंडपाठ असतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. त्यात भूक पहिली आहे.

म्हणून पहिल्या तीन महिन्यांत वजन उतरवण्याचं ध्येयच ठेवू नका. ते वाढू न देणं पुरे. तुमची प्यायला बसायची वेळ सातची असेल तर साडेपाच-सहालाच पोटात काहीतरी जाऊ द्या: मूठभर फुटाणे आणि एक ग्लास ताक, दोन उकडलेली अंडी, वाटीभर मोडाची मटकी कांदा-लिंबू घालून, किंवा एक भाकरी आणि पिठलं. भरल्या पोटी तलफ निम्मी होते. हे मी स्वतः अनुभवलं आहे आणि गटात पुन्हा पुन्हा ऐकलं आहे. रात्रीचं जेवण आठच्या आत. जेवून तोंड धुतलं, दात घासले की संध्याकाळची धोक्याची वेळ बहुतेक टळलेली असते.

गोडाबद्दल माझं मत कदाचित काही आहारतज्ज्ञांना पटणार नाही. पहिल्या महिन्यात जिलेबी की क्वार्टर असा प्रसंग आला तर जिलेबी खा, मनात खंत न ठेवता. दुसऱ्या महिन्यापासून मात्र ती हळूहळू आवरा. चहा तीन कपांवर आणा, साखर कपाला अर्धा चमचा करा. तोंड गोड करायला पेरू, संत्रं, पपई, नाहीतर राजगिऱ्याचा एक लाडू. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून कॅलरी कमी होत नाहीत. ज्यांना मधुमेह आहे त्यांना ही जिलेबीची सूट नाही. त्यांनी संध्याकाळच्या खाण्यावरच भर द्यावा. कोल्ड्रिंकची बाटली घरात आणू नका, आणि बिनअल्कोहोलची बिअर तर नकोच. तो वास, तो ग्लास, ती थंडगार बाटली जुनी वाट दाखवते.

चखण्याचंही तसंच. दारू गेली तरी शेव-फरसाणाचा डबा मागे राहतो आणि टीव्हीसमोर हात आपोआप त्यात जातो. डबा भरायचाच असेल तर फुटाणे, कुरमुरे, खारवलेल्या शेंगा यांनी भरा. शेंगदाणे चांगले, पण मूठभरच. शंभर ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात.

ताटात काय हवं

बऱ्याच वर्षांच्या पिण्यानं पोट वाढतं आणि त्याच वेळी दंड, मांड्या, खांदे झिजतात. आरशात समोर पोट दिसतं म्हणून आपण तेवढंच बघतो. खरं दुखणं झिजलेल्या स्नायूंचंही आहे. स्नायू कमी झाले की बसल्या जागी खर्च होणारी शक्तीही कमी होते, आणि मग थोडं खाल्लं तरी अंगी लागतं. त्यामुळे जेवण कमी करण्याआधी जेवणातली प्रथिनं वाढवा. लिव्हर आणि किडनी ठीक असतील तर वजनाच्या दर किलोमागे रोज एक ग्रॅम प्रथिनं, हा सोपा हिशेब. सत्तर किलोला सत्तर ग्रॅम.

आपल्या नेहमीच्या ताटात ते होत नाहीत, कारण ताटात भात आणि पोळी डोंगराएवढी आणि वरण पळीभर असतं. ते उलटं करा. एका अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, ग्लासभर दुधात आठ, पन्नास ग्रॅम फुटाण्यांत दहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. सोयाबीनच्या वड्या सगळ्यांत स्वस्त. पन्नास ग्रॅम कोरड्या वड्यांत पंचवीस ग्रॅम. कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांना बांगडा आणि तारली आहेतच. रवा लावून तेलात सोडण्यापेक्षा कालवणात किंवा तव्यावर थोड्या तेलात करा. अर्धं ताट पालेभाजी, कोशिंबीर, गवार, दोडका, दुधी अशा भाज्यांनी भरलं की भात आपोआप मुदीएवढा होतो. मला पोळीपेक्षा ज्वारीची भाकरी बरी वाटते. ती सावकाश चावावी लागते आणि दोनमध्ये पोट भरतं.

घरातल्या बाईला इथं एक विनंती. “दारूनं अंग झिजलं, आता तूप-साखर खाऊ दे” या मायेपोटी ताटात वाढलं जातं, ते मी माझ्याच घरात पाहिलं. माया तीच ठेवा, पण वाढताना तुपाऐवजी उसळीची दुसरी वाटी वाढा. आणि चहातून, भाजीतून गुपचूप दारू सोडवायची पावडर कधीही देऊ नका. तिच्यात डायसल्फिरामसारखं औषध असेल आणि त्या माणसानं वरून दारू घेतली, तर रक्तदाब कोसळून तो दगावू शकतो. ते औषध माणसाला सांगून, डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच द्यायचं असतं.

ज्या बहिणींनी स्वतः दारू सोडली आहे, त्यांना हा प्रश्न चारचौघांत विचारताही येत नाही. तेवढ्याच दारूनं बाईच्या लिव्हरची हानी पुरुषापेक्षा लवकर होते, म्हणून तपासणी टाळू नका. पाळी थांबायच्या वयात पोटावर चरबी येते, ती सगळी दारूची नसते.

चाल आणि बळ

पोटाच्या बैठका, म्हणजे क्रंचेस, रोज दोनशे काढल्या तरी पोटाचीच चरबी वितळत नाही. शरीर चरबी कुठून काढायची ते स्वतः ठरवतं. व्यायाम ज्या जागेचा, चरबी त्या जागेची, असं होत नाही. मात्र आतड्यांभोवतीची चरबी चालण्याला चांगली दाद देते.

सुरुवात पंधरा-वीस मिनिटांनी करा. दारूमुळे पायांच्या नसा कमकुवत होतात, तळवे बधिर असतात. तसं असेल तर अनवाणी किंवा स्लिपरवर चालू नका, बूट घाला आणि रात्री तळवे तपासा. थोडं चाललं की धाप लागत असेल, छातीत धडधडत असेल, तर आधी हृदय तपासून घ्या, कारण दारू हृदयाच्या स्नायूलाही सोडत नाही. दोन-अडीच महिन्यांत आठवड्याला 150 मिनिटं झपाट्यानं चालण्यापर्यंत पोहोचा. झपाट्यानं म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतकं.

वेळ कुठली? सगळे सकाळची सांगतात. मी संध्याकाळची सांगेन, नेमकी बसायच्या वेळेची. सात ते आठ हा तास रिकामा राहिला की तो जुन्याच गोष्टीनं भरतो. पण वाट बदला. बारवरून, त्या कोपऱ्यावरच्या टपरीवरून जाणारा रस्ता सहा महिने तरी तुमचा नाही. एकट्याला जमत नसेल तर कोणाला तरी सोबत घ्या. भजनी मंडळात जा, मुलाला क्लासहून आणायला पायी जा.

आठवड्यातून दोनदा बळाचे व्यायाम हवेतच. जिम लागत नाही. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात लावून जोर, दोन्ही हातांत पाण्याच्या अर्ध्या बादल्या घेऊन अंगणात फेऱ्या. नंतर अंगात ताकद आली की सूर्यनमस्कार.

झोपेचं थोडक्यात. सोडल्यावर काही आठवडे झोप तुटक लागते, रात्री दोनला जाग येते. अपुऱ्या झोपेनं दुसऱ्या दिवशी भूक आणि गोडाची ओढ वाढते, म्हणजे ती पोटावरच उतरते. दुपारी चारनंतर चहा-कॉफी नको, उठायची वेळ ठरलेली ठेवा. मनानं झोपेच्या गोळ्या घेऊ नका. एक सवय सोडताना दुसरी लागते.

आणि लिव्हर साफ करणारी, चरबी जाळणारी चूर्णं, काढे, डबे यांपासून लांब राहा. तुमचं लिव्हर नुकतंच आजारातून उठतंय. अशा वेळी त्याच्यावर अनोळखी ओझं टाकायचं नसतं. कोरोनाच्या काळात सर्रास घेतल्या गेलेल्या गुळवेलीनंही काही जणांच्या लिव्हरला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी केली आहे. झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक, असं नाही.

चौथ्या महिन्यापासून वजन उतरवायला हरकत नाही. आठवड्याला अर्धा किलो पुरे. रात्रीचा भात अर्धा करा, तळलेलं आठवड्यातून एकदाच. वजनकाट्यावर रोज उभं राहू नका. महिन्यातून एकदा, पहिल्या तारखेला, सकाळी उठल्यावर काही खायच्या आधी टेपनं कंबर मोजा आणि भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या त्या चौकोनात आकडा लिहा. बाकी दिवसांच्या चौकोनांत, प्यायला नसाल त्या दिवशी, एक बरोबरची खूण.

माझं त्या वर्षीचं कालनिर्णय मी जपून ठेवलं आहे. जानेवारीत 104, फेब्रुवारीत 106, मार्च आणि एप्रिलला 108. मे महिन्यात 107. गणपतीत 101. डिसेंबरला 96. मार्च-एप्रिलच्या पानांवर आकडा सगळ्यात मोठा आहे, आणि त्या दोन्ही पानांवर एकही चौकोन खुणेशिवाय सुटलेला नाही.